पुढील स्थानक कोणत्या भाषेत?

जैन समाजाचे प्रवासाशी असलेले नाते दुहेरी आहे. एक प्रवास व्यापारासाठी आणि दुसरा तीर्थवंदनेसाठी. राजस्थान-गुजरातेतून कोकणात येऊन स्थिरावलेली घराणी असोत किंवा कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातील आपली शेतकरी-व्यापारी कुटुंबे असोत, परक्या मुलखात उतरावे, तेथील बोली कानांवर घ्यावी आणि विचारत विचारत वाट काढावी, हा आपल्या पूर्वजांचा नित्याचा अनुभव होता. आता विचारण्याचे काम बरेच कमी झाले आहे. पूर्वीच्या वाटाड्याच्या जागी ध्वनिक्षेपक आला आहे. तो सांगतो ते ऐकायचे आणि चालू लागायचे. मात्र तो कोणत्या भाषेत सांगतो आणि ती भाषा ऐकणाऱ्याची आहे की नाही, याचा विचार आपण सहसा करत नाही. गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीहून दक्षिण कर्नाटकातील क्षेत्रांची यात्रा करताना तो विचार मनात सतत येत राहिला. तोच येथे मांडतो.

रत्नागिरीचे रेल्वे स्थानक शहरापासून काही अंतरावर, कुवारबावजवळ आहे. रोह्यापासून मंगळुरूजवळील ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर धावणारी कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झाली. त्यापूर्वी मुंबईला जायचे तर एसटीचा रात्रभराचा प्रवास हाच बहुतेकांचा मार्ग होता. आता स्थानकावर उभे राहिले की मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत गाडीची वर्दी मिळते. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे शब्द आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत, की पुढचे दोन्ही अनुवाद आपण ऐकून न ऐकल्यासारखे करतो. फलाटावरील पाटीची गंमत तर निराळीच. तिच्यावरही तीन भाषा आहेत, परंतु मराठी आणि हिंदी नावांची लिपी एक आणि अक्षरेही तीच. म्हणजे भाषा तीन मोजल्या तरी वाचणाऱ्यासाठी प्रत्यक्षात लिप्या दोनच, देवनागरी आणि रोमन.

शहरातील एसटी स्थानकाची रीत याहून वेगळी. तेथे नियंत्रकाची घोषणा मराठीत होते आणि बहुतेक गाड्यांच्या पाट्याही मराठीतच असतात. महाराष्ट्राच्या एसटीने मराठीत बोलावे हे योग्यच आहे. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४चा. त्याला आज साठ वर्षे होऊन गेली. आपल्या भाषेचा पहिला मान आपल्या घरात नाही, तर आणखी कोठे असणार? तरीही स्थानकाच्या बाकावर तासभर बसले, की या शहरात कोण कोण येते ते दिसू लागते. आंब्याच्या बागांत राखण करणारे आणि मिरकरवाड्याच्या मासेमारी नौकांवर काम करणारे नेपाळी तरुण दिसतात. त्यांना मराठी घोषणा सगळी कळत नाही, पण नेपाळीची लिपी देवनागरीच असल्यामुळे ‘चिपळूण’, ‘देवरुख’, ‘लांजा’ ही नावे ते अक्षर लावून वाचतात आणि आपली गाडी शोधतात. विजापूर-बागलकोटकडून रस्त्याच्या व बांधकामाच्या कामासाठी आलेली कुटुंबेही दिसतात. त्यांतील अनेकांना देवनागरी येत नाही आणि रोमन अक्षरेही येत नाहीत. इंग्रजी घोषणा सुरू केली, तर थिबा राजवाडा पाहायला आलेल्या पर्यटकाची सोय होईल. डोक्यावर बोचके घेऊन उभ्या असलेल्या कानडी बाईला मात्र तिचा काडीचाही उपयोग नाही.

बँकेतील नोकरीत हेच मी पस्तीस वर्षे पाहिले. पैसे भरण्याची चिठ्ठी तीन भाषांत छापलेली असे, आणि तरीही काउंटरपलीकडून प्रश्न येई, ‘साहेब, हे कुठे लिहायचे?’ छापणाऱ्याच्या दृष्टीने तीन भाषा दिल्या की कर्तव्य संपते. उभ्या असलेल्या माणसाला समजले का, हा हिशेब कोणत्याच खात्यावर मांडला जात नाही.

आमची यात्रा रात्रीच्या मत्स्यगंधा एक्सप्रेसने सुरू झाली. आम्ही बाराजण होतो. त्यांत निपाणीकडील एक अण्णा होते. तंबाखूचा पिढीजात व्यापार सोडून आता ते शेती पाहतात. घरात मराठी, बाजारात कानडी आणि स्वाध्यायात हिंदी अशी त्यांची तिहेरी वहिवाट. सीमाभागातील आपल्या अनेक कुटुंबांत असे त्रैभाषिक सहजपण आढळते. त्याचे मोल पुढे आम्हाला चांगलेच कळले.

रत्नागिरी सुटली की लगेच पानवलचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल लागतो. अंधारामुळे तो दिसला नाही, केवळ गाडीच्या बदललेल्या आवाजावरून ओळखला. पुढे राजापूर रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड, सावंतवाडी रोड अशी स्थानके येतात. या नावांतील ‘रोड’ हा शब्द म्हणजे रेल्वेने इंग्रजीत दिलेली एक जुनी सूचनाच आहे. गाव येथे नाही, येथून रस्त्याने पुढे जायचे आहे, हा तिचा अर्थ. राजापूरला जाणारा नवखा प्रवासी राजापूर रोडला उतरतो आणि गाव अजून बरेच दूर आहे हे त्याला बाहेर आल्यावर कळते. शब्द इंग्रजी आहे, घोषणेत तो रोज उच्चारला जातो, पण त्यात दडलेली सूचना मराठीत नाही, हिंदीत नाही आणि इंग्रजीतही कोणी उलगडून सांगत नाही.

गोव्यात शिरल्यावर पाटीवर कोकणी येते. लिपी देवनागरीच असल्यामुळे आपल्याला परकेपणा जाणवत नाही. कारवारपासून चित्र पालटते. पाटीवर कन्नड अक्षरे येतात आणि आतापर्यंत यजमान असलेली आपली मंडळी पाहुणी होतात. पहाटे उडुपीला उतरलो तेव्हा कन्नड घोषणा चालू होती, ‘दयविट्टु गमनिसि.’ आमच्यातील एका भाभींनी ‘गमन’ शब्द ऐकला आणि त्या घाईने पिशव्या उचलू लागल्या. त्यांना वाटले, निघायला सांगत आहेत. अण्णा हसून म्हणाले, ‘भाभी, कानडीत गमन म्हणजे लक्ष. कृपया लक्ष द्या म्हणतोय तो.’ शब्द एकच, संस्कृतातून दोन्हीकडे गेलेला, पण एकीकडे तो जाण्यास सांगतो आणि दुसरीकडे थांबून ऐकण्यास. ओळखीचा वाटणारा शब्दच कधी कधी वाट चुकवतो.

उडुपीहून कारकळ, मूडबिद्री आणि वेणूर असा आमचा क्रम होता. त्या भागात खासगी बसगाड्या मुबलक आहेत. वाहक दारात उभा राहून गावांची नावे एका दमात म्हणतो, आणि गर्दीत तुळू, कन्नड व कोकणी एकाच वेळी ऐकू येतात. पाटीवरील कन्नड नाव आम्हाला वाचता येत नव्हते. त्याखाली रोमन अक्षरांत लिहिलेले नाव वाचून आम्ही गाडीत चढलो. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आपल्या गावी ज्या इंग्रजीची आपल्याला कधी कधी अडचण वाटते, तिच्याच आधाराने आम्ही कारकळला पोहोचलो. १४३२ साली प्रतिष्ठित झालेल्या बेचाळीस फुटी गोमटेश्वरांचे दर्शन घेतले. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदि पाहिली. फल्गुनी नदीकाठी वेणूरच्या १६०४ सालच्या बाहुबलींच्या चरणी बसलो. या संपूर्ण वाटेवर इंग्रजीने आमचा हात धरला होता. अर्थात ती फक्त अक्षरांपुरती. बोलणे अण्णांच्या कानडीनेच झाले.

मूडबिद्रीत लिपीचा विषय आणखी खोल गेला. धवला, जयधवला आणि महाधवला या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांचा ठेवा तेथे शतकानुशतके जपला गेला. ग्रंथांची भाषा प्राकृत-संस्कृत, पण लिपी जुनी कन्नड. त्यामुळे उत्तरेकडील आणि महाराष्ट्रातील पंडितांना ती भाषा येत असूनही ग्रंथ वाचता येत नव्हता. देवनागरीत प्रत तयार करवून घेण्यासाठी सोलापूर-मुंबईकडील श्रावकांनी मोठी खटपट केली आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड १९३९ साली आपल्या अमरावतीत प्रसिद्ध झाला. लिपीचे दार बंद असेल तर ज्ञान आत असूनही बाहेरच राहते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या समाजात क्वचितच सापडेल. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा या ताडपत्रांची आठवण आपल्या घराघरांत निघायला हवी होती.

इंग्रजीच्या आधाराने परक्या मुलखात फिरण्याचा अनुभव मी याआधी चीनमध्ये घेतला होता. काही वर्षांपूर्वी जावईबापूंच्या व्यापाराच्या निमित्ताने ग्वांगझाऊ आणि शांघाय पाहण्याचा योग आला. ग्वांगझाऊचे व्यापारी प्रदर्शन १९५७ पासून भरत आले आहे आणि आपल्या समाजातील अनेक व्यापारी तेथे जाऊन आले आहेत. तेथील मेट्रोत प्रत्येक स्थानकाची घोषणा तीनदा होते. प्रथम देशाची प्रमाण चिनी, मग त्या प्रांताची कँटनीज आणि शेवटी इंग्रजी. राष्ट्र, प्रांत आणि पाहुणा हा क्रम ऐकून मला आपल्या फलाटाची आठवण झाली. आपल्याकडे मात्र प्रांताची भाषा आधी येते, एवढा फरक. शांघायच्या मेट्रोत प्रमाण चिनी आणि इंग्रजी ऐकू येते. तेथील जुनी स्थानिक बोली काही मोजक्या मार्गांवरच ऐकवली जाते. नव्या पिढीच्या तोंडून ती बोली हळूहळू निसटत आहे. इंग्रजीसाठी जागा करताना घरची बोली मागे सारली गेली, तर पाहुण्याची सोय होते आणि घरातील आजोबा मात्र आपल्याच शहरात मुके होतात.

२००८ चे बीजिंग ऑलिम्पिक आणि २०१० चे शांघायचे जागतिक प्रदर्शन या दोन निमित्तांनी चिनी शहरांनी इंग्रजी पाट्या आणि घोषणांचे काम मनावर घेतले. चुकीच्या इंग्रजीमुळे हसे होऊ नये म्हणून सार्वजनिक सेवांतील इंग्रजीच्या वापराबाबत राष्ट्रीय मानके ठरवण्यात आली आणि ती डिसेंबर २०१७ पासून लागू झाली. शिस्त वाखाणण्यासारखी आहे. तरीही एक पेच उरतोच. शांघायच्या मध्यवर्ती स्थानकाची इंग्रजी घोषणा ‘पीपल्स स्क्वेअर’ अशी होते. तेच नाव आम्ही टॅक्सीचालकाला सांगितले, तर तो गोंधळला. त्याच्यासाठी ती जागा ‘रन्मिन ग्वांगछांग’. भाषांतर अचूक होते, पण ते उच्चारून रस्ता विचारता येत नव्हता. याच्या उलट प्रकार बीजिंगमध्ये घडला. २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या सुमारास तेथील मेट्रोच्या पाट्यांवर ‘स्टेशन’ या इंग्रजी शब्दाऐवजी ‘झान’ हा चिनी शब्द रोमन अक्षरांत लिहिला गेला आणि त्यावर बरीच टीका झाली. नावाचे भाषांतर केले तर स्थानिक माणसाला कळत नाही आणि सामान्य शब्दाचे भाषांतर केले नाही तर पाहुण्याला कळत नाही. म्हणून नाव तेथील लोक उच्चारतात तसेच ठेवावे आणि सूचना मात्र पाहुण्याच्या भाषेत द्यावी, हा साधा नियम मला त्या दोन उदाहरणांतून सापडला. आपल्या स्थानकांनाही तो लागू पडतो. ‘राजापूर’ हे राजापूरच राहावे. ‘रोड’चा अर्थ मात्र ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगितला जावा.

वेणूरहून आम्ही घाट चढून हासनमार्गे श्रवणबेळगोळला गेलो. ज्यांना रेल्वेने जायचे असेल त्यांच्यासाठी बेंगळुरू-हासन मार्ग २०१७ साली पूर्ण झाला आहे आणि त्यावर श्रवणबेळगोळचे स्थानकही आहे. विंध्यगिरीच्या पायऱ्या चढून भगवान बाहुबलींच्या सत्तावन्न फुटी मूर्तीसमोर उभे राहिल्यावर प्रत्येक मराठी माणूस चरणांजवळील लेख शोधतो. ‘श्री चावुण्डराजें करवियलें’ हे शब्द नागरी लिपीत तेथे कोरलेले आहेत. त्याखाली गंगराजाने सभोवतालची बांधणी करविल्याचा उल्लेख आहे. लेखाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. शाळेत आपण एवढेच शिकलो. तेथे उभे राहिल्यावर मला त्याच्या शेजारचे लेख अधिक बोलके वाटले. चामुंडरायांनी मूर्ती करविली हीच गोष्ट तेथे कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही कोरलेली आहे, प्रत्येकीची लिपी वेगळी.

कर्नाटकातील एका टेकडीवर, जेथे राजा कन्नड, शिल्पी कन्नड आणि भोवतालची प्रजाही कन्नड, तेथे मराठी आणि तमिळ ओळी कोरण्याचे कारण काय असावे? मला तर एकच दिसते. येणारा यात्रेकरू त्या त्या मुलखातून येणार हे लिहविणाऱ्याला ठाऊक होते. त्याने शेजाऱ्यांच्या भाषा निवडल्या, कारण पायी येणारा शेजारीच असतो. ही शतकांपूर्वीची त्रिभाषी उद्घोषणा आहे, आणि ती आपल्या तीर्थावर आहे.

याच्याही मागे गेले, तर समवसरणाची कल्पना येते. तीर्थंकरांच्या वाणीचे वर्णन दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांत वेगवेगळ्या तपशिलाने केले जाते. कोठे ती निरक्षर दिव्यध्वनी आहे, तर कोठे अर्धमागधी. परंतु सार एकच आहे. देव, मनुष्य आणि तिर्यंच असे सर्व श्रोते तेथे येतात आणि प्रत्येकाला ती वाणी आपापल्या भाषेत समजते. ऐकणाऱ्याने वक्त्याची भाषा शिकून यावे अशी अट त्या सभेत नाही. भगवान महावीरांनी लोकभाषेचा स्वीकार केला, त्यामागेही हीच दृष्टी होती.

परतीच्या वाटेवर महाराष्ट्रातील एका मोठ्या जंक्शनवर आम्ही गाडी बदलण्यासाठी थांबलो होतो. संध्याकाळची गर्दी होती. ऐनवेळी एका गाडीचा फलाट बदलल्याचे ध्वनिक्षेपकाने सांगितले, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. लोकांचा लोंढा जिन्याकडे धावला. आमच्या शेजारी एक कानडी कुटुंब बसलेले होते. पती-पत्नी, तीन मुले आणि एक वृद्ध आई. लोक धावताना पाहून ती बाई उभी राहिली, तिने दोघातिघांना काही विचारले, कोणी थांबले नाही. ती पुन्हा बसली. त्यांचा डबा, त्यांचे तिकीट, त्यांची मजुरीची पुढची तारीख हे सारे त्या बदललेल्या फलाटावर होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. अण्णांनी तिकिटावर नजर टाकली आणि म्हणाले, ‘अक्का, मूरने प्लॅटफॉर्म, बेग होगरी!’ एवढेच चार-पाच शब्द. बाईने धाकट्याला कडेवर घेतले, आमच्यातील दोन तरुणांनी आजींना हाताला धरून जिन्यावरून नेले, आणि गाडी हलण्यापूर्वी सगळे आत बसले. तीन भाषांतील घोषणेने जे साधले नाही, ते चौथ्या भाषेतील एका वाक्याने साधले.

त्या वेळी माझ्या मनात इंग्रजीविषयी राग नव्हता. कारकळच्या बसवर तिनेच मला मार्ग दाखवला होता. परंतु आपण ‘घोषणा इंग्रजीतही आहे, म्हणजे सर्वांना कळेल’ असे जे गृहीत धरतो, ते ‘सर्व’ कोण, हे एकदा पाहिले पाहिजे. विमानाने येणाऱ्यासाठी इंग्रजी हवी. रेल्वेने आणि पायी येणाऱ्यासाठी शेजाऱ्याची भाषा हवी. आणि या दोन्हींच्या आधी घरची भाषा हवी, स्पष्ट आणि शुद्ध.

रेल्वेच्या घोषणा बदलणे आपल्या हाती नाही. आपली तीर्थक्षेत्रे, धर्मशाळा आणि भोजनालये मात्र आपल्याच हाती आहेत. घरी परतताना कुंभोज-बाहुबली येथे अठ्ठावीस फुटी बाहुबलींचे दर्शन घेतले, तेव्हा आवारात मराठी, कानडी, गुजराती आणि हिंदी बोलणारी कुटुंबे एकमेकांशेजारी बसलेली होती. प्रत्येक क्षेत्रावर थोड्याफार फरकाने असेच दृश्य दिसते. आपल्या यात्रेकरूची अडचण इतरांहून वेगळी असते. सूर्यास्तापूर्वी भोजन झाले नाही, तर चौविहार पाळणाऱ्याला सकाळपर्यंत उपाशी राहावे लागते. ‘भोजनालय अमुक वाजता बंद होईल’ ही घोषणा एकाच भाषेत झाली आणि दूरच्या गावाहून आलेल्या आजींना ती कळली नाही, तर त्या कोणाकडे तक्रार करत नाहीत. पाणीही न घेता खोलीत जाऊन माळ जपत बसतात. असे दृश्य मी एका क्षेत्रावर पाहिले आहे. दोष कोणाचाच नव्हता, फक्त एक वाक्य दुसऱ्या भाषेत सांगायचे राहिले होते.

म्हणून विश्वस्त मंडळींना आणि व्यापारी बंधूंना एक विनंती करावीशी वाटते. मंदिराची वेळ, भोजनाची वेळ, पाण्याची जागा, वैद्यकीय मदत आणि परतीच्या बसची वेळ अशा पाच सूचना निवडाव्यात. त्या प्रथम स्थानिक भाषेत, मग आपल्या क्षेत्री ज्या दोन मुलखांतून अधिक यात्रेकरू येतात त्यांच्या भाषांत, आणि शेवटी इंग्रजीत, घरातीलच जाणत्या माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. मोबाइलवर हे काम एका दुपारी होते आणि खर्च जवळजवळ शून्य येतो. कानडी आवाजासाठी निपाणी-बेळगावकडील सून सापडेल, गुजरातीसाठी शेजारची बा सापडेल, इंग्रजीसाठी नात तयारच असेल. पाट्या करताना लिपीचा विचार करावा. केवळ भाषांची संख्या मोजू नये. गावांची आणि जागांची नावे मात्र भाषांतर न करता तेथील लोक म्हणतात तशीच लिहावीत, म्हणजे यात्रेकरूला ती उच्चारून रस्ता विचारता येईल.

चामुंडरायांच्या काळी दगडावर अक्षरे कोरावी लागत होती, तरीही कोणीतरी शेजाऱ्याच्या भाषेसाठी टाकीचे घाव घालण्याचे श्रम घेतले. आज आपल्याला एक बटण दाबायचे आहे. येत्या चातुर्मासापूर्वी एखाद्या तरी क्षेत्रावर हे झाले, तर या यात्रेचे पुण्य आम्हा बाराजणांपुरते उरणार नाही.

जय जिनेंद्र.